गिधाडे
विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांचे मराठी नाटक. १९७० मध्ये श्रीराम लागू यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आले. पैशासाठी बापावर हात टाकणारे मुलगे गर्भवती बहिणीच्या, माणिकच्या, पोटावर लाथा मारतात. तिच्या साडीवरील रक्ताच्या डागास परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली. तेव्हा डाग निळा करण्यात आला व तो लाल समजावा, अशी सूचना प्रेक्षकांना प्रयोगापूर्वी देण्यात आली. डाग त्यामुळे अधिकच ठळक झाला. तथापि नाटकाचा खरा आघात रक्तात नाही. सख्खी भावंडे व्यवहाराच्या सहजतेने परस्परांचा नाश ठरवितात, यात तो आहे. रजनीनाथाचे काव्यमय निवेदन मात्र हा आघात बोथट करते. प्रेक्षकाने पाहिले त्याचाच अर्थ ते पुन्हा सांगत राहते.