दुर्घट गीतांचे दोन पाठ : मेटल संगीतातील ध्वनिमुद्रण आणि मंचवादन

कलाकृती अवघड आहे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या विधानात दोन भिन्न अर्थ मिसळलेले असतात. एक कृती रचावयास अवघड असते. दुसरी करून दाखवावयास अवघड असते. साहित्याच्या विचारात ही गल्लत फारशी बाधत नाही, कारण कवीला आपली कविता श्रोत्यांपुढे एका श्वासात पुन्हा रचून दाखवावी लागत नाही. संगीतात मात्र ती पदोपदी बाधते; आणि पाश्चात्त्य मेटल संगीतात, जेथे दुर्घटता हाच गुण मानला जातो, तेथे तर तिने एका नैतिक वादाचे रूप घेतले आहे. ध्वनिमुद्रणात ऐकू येते ते वादकाने खरोखर वाजविले आहे काय, आणि मंचावर तो ते वाजवू शकत नसेल तर मुद्रण ही फसवणूक ठरते काय, असा हा वाद आहे.

प्रथम मुद्रणाची रीत पाहिली पाहिजे. मेटल गीत स्टुडिओत बहुधा सर्वांनी एकत्र बसून वाजविले जात नाही. आधी ठरावीक गतीचा यांत्रिक ठोका, ज्याला क्लिक ट्रॅक म्हणतात, तो कानी धरून ड्रम मुद्रित होतात. त्यांवर गिटारची तीच ओळ दोनदा स्वतंत्रपणे वाजवून एक डाव्या व एक उजव्या बाजूस ठेवितात, आणि या दोन वादनांतील सूक्ष्म तफावतीतूनच त्या आवाजाला भिंतीसारखी रुंदी येते. नंतर बास, नंतर कंठ. चुकलेली चार मात्रांची जागा तेवढीच पुन्हा वाजवून सांधता येते. मागेपुढे पडलेला ठोका संगणकावर सरकवून मात्रेवर बसविता येतो. अशा रीतीने तयार होणारी वस्तू हे घडलेल्या वादनाचे छायाचित्र नव्हे. तिला रचना म्हणणेच योग्य.

या रीतीमागे केवळ आळस आहे असे मानणे चुकीचे होईल. मिनिटास 200 मात्रांच्या गतीने, दर मात्रेस चार याप्रमाणे दोन्ही पायांनी ड्रम वाजविले म्हणजे सेकंदास तेरांहून अधिक ठोके पडतात. दोन ठोक्यांतील अंतर 75 सहस्रांश सेकंद होते. सामान्य बोलण्यात सेकंदास साधारणपणे पाच ते आठ अक्षरे उच्चारली जातात, हे ध्यानी घेतले तर या गतीची कल्पना येईल. इतक्या निकट आलेल्या ठोक्यांत एखादा जरी दुबळा पडला तरी सबंध ओळ धूसर होते. म्हणून मंचावरही अनेक वादक ड्रमच्या चामड्यावर संवेदक बसवितात. पाय ठोका देतो, परंतु ऐकू येतो तो आधी साठविलेला एकसारखा नाद. वेळ वादकाची, नाद यंत्राचा, अशी ही विभागणी आहे.

दोन प्रसिद्ध उदाहरणांवरून प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होईल. मेटॅलिका या अमेरिकन बँडच्या 1988 मधील '...अँड जस्टिस फॉर ऑल' या अल्बममध्ये ड्रमचे वादन अनेक आवृत्त्यांतून फीत कापून व जोडून सिद्ध केले गेले. त्याचे सुमारे पावणेदहा मिनिटांचे शीर्षकगीत 1989 नंतर 2007 पर्यंत बँडने मंचावर संपूर्ण रूपात वाजविले नाही. येथे मुद्रित पाठ हा मंचाला जड झाला. स्वीडनच्या मेशुगा या बँडचा प्रवास याहून उद्बोधक आहे. 2005 च्या 'कॅच थर्टीथ्री' या अल्बममधील ड्रम माणसाने वाजविलेले नसून, ड्रमवादक टोमास हाके याच्याच वाद्याचे नमुने घेऊन संगणकावर मांडलेले आहेत. तथापि त्यातील काही भाग पुढे त्याच वादकाने मंचावर वाजविले. 2008 च्या 'ब्लीड' या गीतासाठी त्याला पायांची नवी चाल दीर्घ अभ्यासाने कमवावी लागली. आणि 2016 च्या 'द व्हायलंट स्लीप ऑफ रीझन'च्या वेळी याच बँडने स्टुडिओत एकत्र वाजवून मुद्रण केले. म्हणजे यंत्राने लिहिलेले आधी, माणसाने वाचलेले नंतर, असाही क्रम संभवतो. यंत्राने येथे माणसाची जागा घेतली नाही. त्याच्यापुढे धडा ठेवला.

महाराष्ट्रात हा प्रश्न मुंबईच्या बँडांनी आपापल्या परीने सोडविला आहे. साहिल मखिजा याने 2000 मध्ये स्थापन केलेल्या डेमॉनिक रेझरेक्शन या बँडात तोच गायक व तोच गिटारवादक आहे. स्टुडिओत गिटार आणि कंठ स्वतंत्र दिवशी मुद्रित करता येतात, आणि खर्जातील गुरगुर व स्वच्छ गायन हे एकावर एक चढविता येतात. मंचावर मात्र कंठ एकच आणि श्वासही एकच. हात एका लयीत गुंतलेले असता तोंडाने दुसरी लय सांभाळावी लागते. दशावतारांवर दहा गीते असलेला त्यांचा 'दशावतार' हा 2017 चा अल्बम भारतीय वाद्यांचाही उपयोग करितो. अशा रचनेपुढे मंचाला दोनच वाटा असतात. ते नाद पूर्वमुद्रित फितीतून सोडावयाचे, अथवा गाळून गीताचा निराळा पाठ सिद्ध करावयाचा. याच मखिजाच्या 'डेमॉनस्टीलर' या नावाने निघालेल्या 2016 च्या अल्बमवर ग्रीक ड्रमवादक जॉर्ज कोलियास वाजवितो. अशा कृतीचे मुद्रण हेच मूळ असते आणि मंच ही तिची उत्तरकालीन शक्यता असते. उलट, 2003 मध्ये सुरू झालेल्या भयानक मौत या बँडाने दोन गायक ठेवून, स्टुडिओत जे कंठावर कंठ चढवून साधते ते मंचावरच साधण्याची सोय केली. दुर्घटतेचे उत्तर एकाने तंत्रात शोधले, दुसऱ्याने मनुष्यबळात.

मराठी वाचकाला या संबंधाची उलट बाजू चांगली परिचित आहे. नाट्यसंगीत आधी रंगभूमीवर वाढले आणि मागाहून तबकडीवर आले. 1913 मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगांत बालगंधर्वांची पदे 'वन्समोअर'च्या गजरात लांबत असत. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस मात्र सुमारे तीन मिनिटेच मावत. तेथे मुद्रण हे प्रयोगाचे आटलेले रूप होते, आणि तबकडीवर विस्तार नाही म्हणून कोणी गायकास खोटे ठरविले नाही. मेटलमध्ये मुद्रण हे फुगलेले रूप आहे आणि मंच त्याला पुरा पडत नाही. पहिली उणीव आपण माध्यमाच्या पदरी टाकितो, दुसरी माणसाच्या. हा न्याय विषम आहे.

भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर मुद्रण हा लेखी पाठ आणि मंचवादन ही उक्ती होय. लेखी वाक्य खोडून, फिरवून, सांधून सिद्ध होते. त्यामुळे कोणी लेखकास अप्रामाणिक म्हणत नाही. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड याने 1964 मध्ये मैफली कायमच्या सोडल्या आणि अनेक वादनांतून निवडून सांधलेले मुद्रण हीच आपली खरी कृती मानली, ती याच भूमिकेवरून. परंतु या भूमिकेलाही मर्यादा आहे. लेखी पाठ जेव्हा 'ही माझ्या वेगाची साक्ष आहे' असा दावा करितो, तेव्हा तो केवळ रचना राहत नाही. ते शारीरिक कर्तृत्वाचे प्रमाणपत्र बनते. वाढविलेल्या गतीचे मुद्रण रचना म्हणून निर्दोष, पण प्रमाणपत्र म्हणून सदोष. टीकाकाराने प्रथम विचारावयाचे ते हे की कृती कोणता दावा करिते; मग तिला त्या दाव्याच्या कसोटीवर घासावे.

हा विचार किनवटसारख्या ठिकाणच्या अभ्यासकास दूरचा वाटण्याचे कारण नाही. येथल्या श्रोत्याला मेटल भेटते ते मुद्रणातूनच; त्यामुळे मुद्रित पाठालाच तो संपूर्ण सत्य समजण्याचा संभव अधिक. पण खरा धोका याच्या उलट दिशेने आहे. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात गोंडांच्या कथा किंगरीवर गाणारी परधानांची परंपरा आहे. मौखिक महाकाव्याविषयी आल्बर्ट लॉर्ड याने 1960 मध्ये जे मांडले, त्याप्रमाणे अशा गायकाला पाठ केलेली एक संहिता नसते; तो ठरीव शब्दबंधांच्या आधारे गाता गाताच रचीत असतो. संशोधक मोबाइलवर त्याचे एक गायन टिपतो, खोकला व थबकणे कापतो, दोन बैठकींतून चांगले कडवे निवडून सांधतो आणि ते 'मूळ गीत' म्हणून नोंदवितो. मेटलच्या स्टुडिओत जे होते तेच येथे होते. फरक एवढाच की मेटलचा वादक स्वतः कातर धरितो, आणि परधान गायकाच्या वतीने ती दुसराच कोणी धरितो. पुढे त्याचेच दुसरे गायन त्या नोंदीशी जुळले नाही म्हणजे गायक विसरला असा शेरा मारला जातो. थबकणे हे त्या गायकाच्या रचनेचेच अंग असते. तेथे तो पुढचा शब्दबंध जुळवीत असतो. ते कापले म्हणजे त्याच्या कौशल्याचा पुरावाच नष्ट होतो.

यास्तव मुद्रण खरे की मंच, असा पक्ष घेण्यात अर्थ नाही. दोन्ही पाठ आहेत. त्यांपैकी एक रचनेचा आणि एक उक्तीचा. मुद्रणात सांधा कोठे आहे व तो कोणी घातला, आणि मंचावर काय गाळले गेले व कशासाठी, एवढे नोंदविले गेले तर मेटलच्या वादकाचा वेग आणि किंगरीवाल्याचा विराम या दोहोंचे मोल नीट करता येईल. ही नोंद न ठेवता दिलेला निर्णय मात्र, तो स्तुतीचा असो वा निंदेचा, संगीताविषयी काहीच सांगत नाही.