यंत्रांचे वार्धक्य आणि आमचे

अलीकडे कोणताही दिवाळी अंक उघडावा, तो त्यात रेडिओ, कॅसेट, व्हीसीआर अथवा दूरदर्शन यांच्या आठवणींचा एक तरी लेख निघतोच. लेखक बहुधा आमच्याच वयाचा, म्हणजे पन्नाशी ओलांडलेला असतो, आणि लेखाचा सूरही ठरलेला असतो. पेन्सिलीने गुंडाळलेली फीत, गच्चीवर उभे राहून फिरविलेला अँटेना, शेजाऱ्यांनी भरलेली खोली, आणि अखेरीस गेलेल्या दिवसांबद्दल एक सुस्कारा. या लेखनाचा एक स्वतंत्र प्रकारच मराठीत रूढ झाला आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. आणि जो प्रकार रूढ झाला त्याची परीक्षा करणे हे टीकाकाराचे कामच होय.

या लेखांमागील भावना खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. आमच्या पूर्वजांस वार्धक्याची वर्दी दात, गुडघे आणि नातवंडे यांजकडून मिळे. आम्हांस ती बाजाराकडून मिळते, आणि बरीच आधी मिळते. फिलिप्स कंपनीने कॅसेट जगापुढे आणली ती 1963 साली, सोनीचा वॉकमन निघाला 1979 साली, आणि व्हीसीआर बनविणाऱ्या शेवटच्या जपानी कारखान्याने आपले काम थांबविले ते 2016 साली. जे यंत्र घरात नवे म्हणून आले, ज्यास हात लावण्याची आम्हां मुलांस मनाई होती, ते आमचे केस पुरते पिकण्यापूर्वीच माळ्यावर जाऊन पडले. आजोबांचा तंबोरा नातवाच्या हाती येई तेव्हा तो जुना झालेला असे, निकामी झालेला नसे. हा भेद लहान नाही, आणि त्यापासून होणारे दुःखही कृत्रिम नाही.

आमचा आक्षेप निराळा आहे. हे लेखक भांड्याचा शोक करितात, आत काय शिजले होते याविषयी अवाक्षर काढीत नाहीत. त्यातच ते स्वतःच्या पिढीस एक प्रशस्तिपत्रही देऊन टाकतात, की एका कार्यक्रमासाठी आठवडाभर वाट पाहण्याचा संयम आमच्या अंगी होता. दुसरे काही मिळतच नव्हते म्हणून माणसे वाट पाहत होती! दुष्काळात उपाशी राहिलेल्याच्या खाती एकादशीचे पुण्य जमा करण्यासारखाच हा हिशेब आहे.

मग यंत्र जुने होते तेव्हा नेमके काय जुने होते? 1902 साली फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित केले. तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे, आणि गाण्याच्या शेवटी गौहरजान इंग्रजीत आपले नाव पुकारून सांगे; कारण तबकड्या छापण्याचे काम जर्मनीत हानोवर येथे चाले, व तेथील कारागिरांस गाणे कोणाचे हे कळावे कसे? आजचा विद्यार्थी ती पुकार ऐकून हसतो. त्याचे हसणे आम्ही गैर मानीत नाही. परंतु ती पुकार व ती तीन मिनिटे यांमागे कलेचे एक संपूर्ण व्याकरण होते. जो राग बैठकीत घटका दोन घटका उलगडावयाचा, तो या अवधीत बसविताना काय ठेवावे आणि काय सोडावे, याचा निर्णय गवयास करावा लागे. अब्दुल करीमखाँ, बालगंधर्व, केसरबाई यांच्या तबकड्यांत हा निर्णय ऐकू येतो. ज्यास त्या बंधनाची कल्पना नाही, त्यास ते गाणे केवळ आखूड आणि खरखरीत वाटते. यंत्राबरोबर म्हातारी होते ती ही ऐकण्याची रीत.

गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाई केरकर यांचे ‘जात कहाँ हो’ हे भैरवीतील गाणे 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेले, हे पुष्कळांस ठाऊक असते. ते गाणे तीन-साडेतीन मिनिटांचे आहे, म्हणजे जुन्या तबकडीच्या एका बाजूचे आहे, इकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. तांब्याच्या तबकडीवर सोन्याचा मुलामा चढविला, सोबत सुई दिली, आणि तबकडी कशी लावावी याच्या सूचना आवरणावर चित्ररूपाने कोरल्या. परग्रहवासीयांकरिता दिलेल्या त्या सूचना आज आमच्या वर्गातील मुलांसही उपयोगी पडतील. ज्या सप्टेंबरात पहिले व्हॉयेजर निघाले त्याच सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या. आणि इकडे पृथ्वीवर तबकडीस मागे सारणारी कॅसेट तेव्हा दुकानांतून आलेलीच होती.

कॅसेटविषयी तर आठवणींच्या लेखांनी अधिकच अन्याय केला आहे. तबकडी काढण्यास कारखाना लागे. फीत घरी भरता येई. त्यामुळे एका मोठ्या कंपनीची जवळजवळ अनिर्बंध असलेली सत्ता 1980 नंतरच्या दशकात मोडली, लहानसहान कंपन्या निघाल्या, आणि प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्यांचा आवाज जत्रेत, रिक्षात, चहाच्या टपरीवर जाऊन पोचला. भीमगीते आणि पंढरीची गाणी यांचा एवढा प्रसार या स्वस्त फितीवाचून झाला नसता. परंतु आमच्या स्मरणलेखकांस पुणे आकाशवाणीवरील ‘गीतरामायण’ तेवढे आठवते. 1 एप्रिल 1955 रोजी सुरू होऊन वर्षभर चाललेली ती 56 गाणी थोर आहेत, यात वाद नाही. आणि जे 1970 च्या सुमारास जन्मले त्यांनाही ती ‘आठवतात’, हे विशेष! घरोघरच्या आवडीनिवडीचा पडदा स्मृतीवर पडतो तो असा. कोणाच्या तारुण्याची आठवण साहित्यात शिरते आणि कोणाची दाराबाहेर राहते, हे या लेखांवरून स्पष्ट दिसते.

हा प्रकार मुळातच हलका आहे काय? तसे नाही. चार्ल्स लॅम्ब याने 1822 साली जुन्या नटांविषयी एक निबंध लिहिला. त्याचा आरंभ हाती आलेल्या एका जुन्या नाटकाच्या जाहिरातीने होतो, म्हणजे वस्तूनेच होतो. परंतु लॅम्ब त्या कागदाशी रेंगाळत नाही. बेन्सली नावाचा नट माल्व्होलियोची भूमिका कशी करी, त्या हास्यास्पद कारभाऱ्याच्या ठिकाणी केवढा भारदस्तपणा तो दाखवी, हे तो असे सांगतो की बेन्सलीस कधीही न पाहिलेल्या वाचकाचे त्या नाटकाविषयीचे मतच पालटते. आमच्याकडे गोविंदराव टेंबे यांचे उदाहरण आहे. 1911 साली ‘मानापमाना’स चाली देणारे टेंबे 1932 साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात हरिश्चंद्र होऊन उभे राहिले, तेव्हा त्यांचीही पन्नाशी उलटली होती. आणि ज्या यंत्रापुढे ते उभे होते, तेच यंत्र त्यांच्या तारुण्यातील नाटकमंडळ्यांस गिळावयास निघाले होते. सुस्कारा टाकण्यास याहून अधिक कारण कोणास असेल? तरीही ‘माझा संगीत व्यासंग’ या पुस्तकात ते आपण ऐकलेले गाणे कसे होते हे सांगण्याचा ध्यास घेतात. अल्लादियाखाँसाहेबांची तबकडी आज आमच्यापाशी नाही. त्यांचे गाणे आम्हांस कळते ते शिष्यांच्या गळ्यांतून आणि टेंब्यांसारख्यांच्या लेखणीतून.

अशा लेखणीची गरज आज अधिक आहे. ‘आलम आरा’ या 1931 सालच्या पहिल्या हिंदी बोलपटाची एकही प्रत उरलेली नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये 2003 साली लागलेल्या आगीत प्रभातच्या कित्येक जुन्या फिती जळाल्या. कॅसेटची फीत आगीची वाट पाहत नाही. तिच्यावरील चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा लेप दमट हवेने सुटत जातो, आणि कोकणातील पावसाळे तिला फार सोसत नाहीत. बाजारात विकल्या गेलेल्या कॅसेटची दुसरी प्रत कोठेतरी सापडेल. घरी भरलेल्या फितीची सापडणार नाही. आत्याच्या ओव्या, गावच्या उत्सवातील कीर्तन, भारुड, मंगळागौरीची गाणी असे कितीतरी लोकांनी साठ आणि नव्वद मिनिटांच्या फितींवर उतरवून घेतले, आणि वर बॉलपेनने एखादा शब्द लिहून ठेविला. कोणत्याही ग्रंथालयाच्या यादीत त्याची नोंद नाही. दिवाळी अंकातील आमचे लेखकबंधू पेन्सिलीचे वर्णन दीड पान करितात. त्या फितीवर कोण गात होते, कोणत्या साली, कोणाच्या घरी, हे लिहीत नाहीत.

तीस मिनिटांची एक बाजू नव्या यंत्रावर उतरवून घेण्यास सामान्यतः तीसच मिनिटे लागतात, आणि जुने यंत्र दुरुस्त करणारा कारागीर अद्याप एखाद्या पेठेत सापडतो. आवाज कोणाचा हे ओळखणारी माणसे मात्र प्रत्येक घरात एक-दोनच राहिली आहेत, आणि ती आमच्याहूनही वडील आहेत.