मध्यंतरानंतरचा ‘सैराट’

‘गाणी वजा केली तर ‘सैराट’मध्ये उरतं काय?’ भरपूर सिनेमे पाहणाऱ्या एका मित्राने परवा विचारलं आणि वर शेरा मारला, ‘ओव्हररेटेड!’ मला राग आला तो त्या शेऱ्याचा नव्हे, ‘उरतं काय’ या प्रश्नाचा. कारण जे उरतं तोच नागराज मंजुळेंचा खरा सिनेमा आहे, आणि त्याच्याबद्दल आपण फार कमी बोललो.

२०१६च्या मे महिन्यात मी तो तुडुंब भरलेल्या थिएटरात पाहिला. ‘झिंगाट’ गाण्याला लोक पडद्यासमोर जाऊन नाचले. मध्यंतरानंतर तीच माणसं चुळबुळ करू लागली. ‘आता लांबवलाय,’ असं मागून कोणीतरी म्हणालं. लांबवलाय? बुलेटवरून कॉलेजात येणारी, ट्रॅक्टर घेऊन थेट वेगळ्या जातीतल्या परश्याच्या दारात उभी राहणारी पाटलाची आर्ची त्याच्यासोबत पळून हैदराबादच्या झोपडपट्टीत येते. तिथलं पाणी तिच्या घशाखाली उतरत नाही. सामायिक संडासाच्या वासाने जीव नकोसा होतो. स्वयंपाक येत नाही, भाषा कळत नाही. परश्या डोशाच्या गाडीवर राबतो, ती बाटल्यांच्या कारखान्यात जाते, हळूहळू तेलुगू शिकते. आणि मग तोच हळवा परश्या तिच्यावर संशय घेतो, हात उचलतो. पाटलाच्या वाड्यातून सुटलेल्या मुलीला पुरुषी हक्क झोपडीतही गाठतो. जातीच्या गोष्टीत बाईची ही गोष्ट इतक्या घरगुती तपशिलांनी विणलेली मराठी पडद्यावर मी दुसरीकडे पाहिलेली नाही. पळून जाणाऱ्यांच्या आपल्या बहुतेक गोष्टी पळून जाण्यापाशीच संपतात. ही तिथे सुरू होते. आर्ची साकारणाऱ्या रिंकू राजगुरूला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला, पण लोकांच्या तोंडी राहिले ते तिचे मध्यंतरापूर्वीचे संवाद. ट्रेनमध्ये बसून निघालेली आणि परत आलेली आर्ची कोणाला आठवते?

मंजुळेंच्याच ‘फँड्री’चंही असंच झालं. सगळी स्तुती नायक जब्याने शेवटी भिरकावलेल्या दगडाला चिकटली. मला त्याहून मोठं वाटतं ते शाळेत राष्ट्रगीत सुरू झाल्यावर डुकराच्या मागे धावणारं ते अख्खं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं, ते दृश्य. इतरांच्या मराठी सिनेमांपैकी ‘कोर्ट’ला व्हेनिसने आणि राष्ट्रीय पुरस्काराने त्याचं देणं दिलं, त्यावर मी भर घालणार नाही. ‘नटसम्राट’ही २०१६चाच, ते रंगभूमीचं पुण्य, सिनेमाचं नव्हे.

पण एक विचारतो. ‘नटसम्राट’ला ओव्हररेटेड म्हणताना आपली जीभ का अडखळते? करमाळ्याच्या मातीतला, जात उघड बोलणारा सिनेमा शंभर कोटींच्या पुढे गेला की मात्र लगेच ‘गाण्यांमुळे चालला’ हे उत्तर तयार असतं. गाण्यांमुळे चालला, हे मलाही मान्य आहे. पण चालला कशामुळे आणि मोठा कशामुळे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची गल्लत झाली की काय होतं ते २०१८च्या ‘धडक’ या हिंदी रिमेकने दाखवून दिलं. गाणी उचलली, प्रेम उचललं, गोष्ट उदयपूरला नेली, आणि जात जवळजवळ पुसून टाकली. मराठीतल्या टीकाकारांनी ‘धडक’ला झोडपलं, ठीक केलं. पण ‘झिंगाट’ म्हणजेच ‘सैराट’ हे समीकरण आधी आपणच मांडलं होतं. हिंदीवाल्यांनी ते फक्त खरं मानलं.

म्हणून ‘ओव्हररेटेड’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहेच, पण डोक्यावर घेणाऱ्यांशी अधिक आहे. त्यांनी स्तुती केली ती चुकीच्या अर्ध्या भागाची. पुन्हा पाहाल तेव्हा मध्यंतरानंतर खुर्चीत नीट बसा. माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, आर्चीच्या घरात चहा होतो. त्यानंतर शेजारणीकडून परतलेलं तिचं मूल आई-बापाच्या रक्तात पाय भिजवून रडत बाहेर पडतं, आणि ते रडणं आपल्याला ऐकू येत नाही. अजय-अतुलच्या संगीतासाठी गाजलेल्या या सिनेमाचा शेवट पूर्ण नि:शब्द आहे.