प्रभाकर जोग यांच्या चाली : व्हायोलिनवादकाच्या स्वररचनेचा एक विचार

प्रस्तावना

मराठी भावगीताची समीक्षा ही प्रामुख्याने कवितेची समीक्षा राहिली आहे. गीतातील आशय, प्रतिमा, वृत्तरचना यांची चर्चा होते. गायकाच्या आवाजाचा गौरव होतो. ज्या चालीमुळे गीत पिढ्यानपिढ्या ओठांवर राहते, त्या चालीचे विवेचन मात्र अभावानेच आढळते. प्रभाकर जोग (१९३२-२०२१) यांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. ‘गाणारे व्हायोलिन’ या शब्दांनी त्यांचे वादन घरोघर पोहोचले. परंतु त्या वादनातील बहुतेक चाली इतर संगीतकारांच्या होत्या. त्यामुळे वादक जोग सर्वपरिचित झाले आणि चालकार जोग मागे पडले. व्हायोलिनच्या संस्काराने त्यांच्या चालींना काय दिले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वादकाची जडणघडण

जोग यांनी गजाननबुवा जोशी आणि नारायणराव मारुलकर यांच्याकडे संगीताचे शिक्षण घेतले. गजाननबुवा हे स्वतः गायक आणि व्हायोलिनवादक अशा दोन्ही नात्यांनी मान्यता पावलेले कलावंत होते. गळ्याची वाट आणि गजाची वाट वेगळी नाही, हा संस्कार या परंपरेत स्वाभाविकच होता. पुढे जोग सुधीर फडके यांचे सहायक झाले. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. त्याचे जाहीर कार्यक्रम फडके यांनी नंतर ठिकठिकाणी केले आणि त्यांत जोग यांची व्हायोलिनची साथ असे. संगीतकाराच्या मुखातून आलेली चाल तत्काळ स्वरलिपीत उतरवून घेणे आणि ती वाद्यवृंदापुढे मांडणे, हे सहायकाचे काम. या कामात चाल आतून, तिच्या सांध्यांसह पाहावी लागते. जोग यांची खरी पाठशाळा ही होती.

शब्द वाजविणारे वाद्य

मराठीतील अनेक चाली हार्मोनियमवर बोटे ठेवून बांधल्या गेल्या. हार्मोनियममध्ये प्रत्येक पट्टीचा स्वर ठरलेला असतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली जागा रिकामी राहते. व्हायोलिनला पडदेही नाहीत आणि पट्ट्याही नाहीत. बोट तारेवर सरकते तेव्हा दोन स्वरांमधील सर्व श्रुती ऐकू येतात आणि गज चालू असेतो स्वर श्वासासारखा टिकतो. या वाद्यावर शब्द ‘वाजवायचा’ तर दोन गोष्टी साधाव्या लागतात. जिथे नवे अक्षर उच्चारले जाते तिथे गजाची दिशा वा दाब बदलावा लागतो आणि जिथे एकच अक्षर लांबते तिथे एकाच गजात मींड घ्यावी लागते. जोग यांच्या वादनात शब्द ऐकू आल्याचा जो भास होतो, त्यामागे अक्षर आणि गज यांचा हा मेळ आहे.

अर्थात या भासाला एक मर्यादाही आहे. श्रोत्याला गीत आधीपासून पाठ असते, म्हणूनच व्हायोलिन गाते असे त्याला वाटते. गीत न ऐकलेल्या माणसाला तीच चाल ऐकविली तर तो तिच्यातील गोडवा ओळखेल, शब्द ओळखणार नाही. ‘गाणारे व्हायोलिन’ हे वादकाचे जितके कर्तृत्व आहे, तितकेच ते श्रोत्याच्या स्मरणाचेही कार्य आहे.

दोन गीते

जोग यांच्या स्वतःच्या चालींकडे या दृष्टीने पाहता दोन गीते महत्त्वाची ठरतात. ग. दि. माडगूळकर यांचे ‘लपविलास तू हिरवा चाफा’ मालती पांडे यांनी गायिले. या पहिल्या ओळीत सोळा मात्रा आहेत आणि तिचा आरंभ लघू अक्षरांच्या झटपट रांगेने होतो. अक्षरे दाट असल्याने स्वरांना पसरण्यास जागा थोडी उरते. लपविलेल्या फुलाचा गंध लपत नाही, असे हे लाडिक प्रश्नरूप गीत आहे. त्याची चाल अक्षराअक्षराला स्पष्ट ठेवते, आलापीने शब्द झाकून टाकीत नाही. प्रत्येक अक्षराला स्वतंत्र गज देणाऱ्या वादकाची शिस्त येथे दिसते.

यशवंत देव यांचे, सुधीर फडके यांनी गायिलेले ‘स्वर आले दुरुनी’ हे याच्या उलट टोकाचे उदाहरण. येथे पहिल्या ओळीत अवघ्या दहा मात्रा आहेत आणि ओळीचा शेवट दीर्घ ईकाराने होतो. शब्द थोडे, स्वरांना अवकाश अधिक. गीताचा विषयही दूरवरून आलेल्या स्वरांनी जागविलेल्या आठवणी हाच आहे. एकाच गजात लांबविलेल्या स्वराचे सौंदर्य ज्याला ठाऊक आहे, अशा वादकाला हे शब्द किती अनुकूल आहेत हे सहज ध्यानी येते.

या दुसऱ्या गीताचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, त्यात तीन संगीतकार एकत्र आले आहेत. शब्द लिहिणारे देव हे स्वतः संगीतकार आणि ‘शब्दप्रधान गायकी’चे पुरस्कर्ते, गाणारे फडके हे मराठी सुगम संगीतातील अग्रगण्य संगीतकार, आणि चाल मात्र त्यांच्या सहायकाची. ज्येष्ठ संगीतकाराने सहायकाची चाल आपल्या गळ्यातून गावी, ही त्या चालीला मिळालेली मोठीच पावती होय. परंतु फडके यांच्या आवाजाची मुद्रा इतकी ठसठशीत आहे की, ती चालही त्यांचीच असा समज होण्याचा संभव असतो. जोग हे फडके यांच्या वळणाचे संगीतकार, असे म्हणण्यात तथ्य आहे; शब्दांची स्वच्छता हा दोघांचा समान धर्म आहे. मात्र वळण एक असणे म्हणजे चालकार एक असणे नव्हे.

शब्दांविना चाल : आयर्लंडचे उदाहरण

चाल आणि चालकाराचे नाव यांचा संबंध तपासण्यासाठी आयर्लंडच्या लोकसंगीताचे उदाहरण उपयुक्त ठरते. तेथील फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच. नृत्यासाठी वाजविल्या जाणाऱ्या त्याच्या चालींना शब्द नसतात. कॅव्हन परगण्यातून अमेरिकेत गेलेले एड रीव्ही फिलाडेल्फियात नळकामाचा व्यवसाय करीत. त्यांनी रचलेल्या कित्येक चाली वादकांमध्ये इतक्या रुळल्या की त्या जुन्या पारंपरिक चाली म्हणूनच वाजविल्या जाऊ लागल्या. गॉलवे परगण्यातील पॅडी फाही यांचे नशीब निराळे. २०१९ मध्ये निधन पावलेल्या या वादकाने आपल्या चालींना नावेच दिली नाहीत. परिणामी ‘पॅडी फाहीची चाल’ हेच त्यांतील प्रत्येकीचे नाव झाले.

शब्द नसले की चाल एक तर परंपरेत विरघळते, नाही तर चालकाराच्या नावाने राहते. मराठी भावगीतात तिसरीच गोष्ट घडते. गीताची पहिली ओळ हेच चालीचे नाव बनते. त्या ओळीबरोबर कवी आठवतो, आवाजाबरोबर गायक आठवतो आणि चालकार या दोहोंच्या मध्ये हरवतो.  

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, जोग यांच्या चालींमध्ये अक्षराला स्वतंत्र गज आणि लांबलेल्या अक्षराला अखंड गज या व्हायोलिनच्या दोन्ही रीतींचा प्रत्यय येतो. हा प्रत्यय केवळ संहिता वाचून येणार नाही. त्यासाठी गीत ऐकावे लागेल. महाविद्यालयीन अभ्यासक्रमात भावगीत शिकविताना छापील शब्दांबरोबर त्याची ध्वनिमुद्रिका हीदेखील संहिता मानली जावी आणि कवी, गायक यांच्या नावांसोबत चालकाराचे नाव न चुकता सांगितले जावे. तसे न झाल्यास सहायक म्हणून आयुष्य वेचलेल्या अनेक वादकांची स्वररचना, गीत गाजत असतानाही, निनावीच राहील.