शब्दशुद्धी आणि संदेशरक्षण : पंडिता रमाबाईंच्या बायबल-भाषांतराचा वऱ्हाडच्या संदर्भात पुनर्विचार

धर्मसंदेशाचा विपर्यास बाहेरच्या विरोधकांपेक्षा आतल्या अनुयायांकडून अधिक संभवतो, ही जाणीव ख्रिस्ती परंपरेइतकीच जुनी आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने खंडन केले ते मंडळीतील शिकवणुकीचेच. कृपेच्या संदेशाला तेथे सुंतेची अट जोडली जात होती. मराठी ख्रिस्ती समाजात हा प्रश्न पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) भाषेच्या पातळीवर उपस्थित केला.

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर लवकरच त्यांचा सिस्टर जेराल्डिन यांच्याशी मतभेद झाला. केवळ चर्च सांगते म्हणून एखादा सिद्धान्त स्वीकारण्यास त्या तयार नव्हत्या; शास्त्रवचन आणि सदसद्विवेक हेच त्यांचे प्रमाण होते. त्यांचे बायबल-भाषांतर ही याच भूमिकेची परिणती होय. हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी ते सिद्ध केले. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापलेले संपूर्ण बायबल त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रचलित भाषांतरांवर त्यांचे दोन आक्षेप होते : संस्कृतप्रचुर भाषा सामान्य स्त्रियांना कळत नाही, आणि अनेक शब्द वेदान्ताचा अर्थ सोबत घेऊन येतात. दुसरा आक्षेप निराधार नाही. उदाहरणार्थ, ‘अवतार’ या शब्दात पुनःपुन्हा घडणाऱ्या अवतरणाची कल्पना आहे, तर ख्रिस्ताचे देहधारण एकदाच घडलेले मानले जाते. ‘मोक्ष’ म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. ‘तारण’ या संकल्पनेचा रोख पापमुक्तीकडे आहे.

तथापि रमाबाईंच्या भूमिकेची मर्यादाही येथेच दिसते. ‘देव’, ‘पाप’, ‘पुण्य’ हे साधे शब्दही याच भूमीतले आहेत. परंपरेचा स्पर्श न झालेला मराठी शब्द शोधू गेल्यास भाषाच उरणार नाही. शब्दाचा अर्थ त्याच्या कुळावरून नव्हे, तर वापराच्या संदर्भातून निश्चित होतो. मुळाशी काटेकोर राहण्याच्या आग्रहामुळे त्यांचे गद्य अनेकदा अवघडलेले राहिले आणि मंडळ्यांमध्ये त्याचा प्रसार मर्यादितच झाला. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे निदान तर नेमके उलट होते. पाश्चात्त्य संस्थात्मक चौकटीमुळे ख्रिस्त परका वाटतो, असे मानून त्यांनी १९१७ मध्ये अमेरिकन मिशन सोडले व ‘देवाचा दरबार’ स्थापिला.

वऱ्हाडच्या संदर्भात हा वाद अधिक अर्थपूर्ण ठरतो. अकोल्याच्या मिशनरी जेनी फुलर यांच्या भारतीय स्त्रियांच्या दुःस्थितीवरील १९०० सालच्या इंग्रजी ग्रंथाला रमाबाईंची प्रस्तावना आहे. म्हणजे केडगाव व अकोला यांच्यात वैचारिक नाते होते. याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा प्रत्यक्ष ऐकणाऱ्या-पाहणाऱ्यांकडून पडताळून लोकभाषेत संकलित केल्या. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बद्ध केले. त्यामुळे ग्रंथ टिकले, पण ते शतकानुशतके पंथाबाहेरील मराठी वाचकाला अपरिचित राहिले.

संदेशरक्षणाचे दोन मार्ग यातून स्पष्ट होतात : मोजक्या अधिकाऱ्यांच्या हाती ग्रंथ सुरक्षित ठेवणे, किंवा वाचकांची संख्या वाढवून प्रत्येकाला पडताळणीचा अधिकार देणे. पहिल्या मार्गात राखणदारच चुकल्यास त्याची चूक दाखविणारा कोणी उरत नाही. रमाबाईंनी दुसरा मार्ग स्वीकारला. मुक्ती मिशनमधील निराधार स्त्रियांना अक्षरओळख देऊन त्यांच्या हाती बायबल सोपविले. म्हणून या भाषांतराचे मूल्यमापन केवळ शब्दनिवडीवरून करणे अपुरे ठरते. शब्दशुद्धीचा त्यांचा प्रकल्प तत्त्वतः अपूर्णच राहणार होता. परंतु प्रवचनकाराचे म्हणणे मूळ वचनाशी ताडून पाहू शकेल अशी वाचक स्त्री घडविण्याचा त्यांचा प्रयत्न विपर्यासाविरुद्ध अधिक टिकाऊ उपाय होता. अमरावती-अकोला परिसरातील मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा अभ्यास करताना हाच निकष लावणे उचित ठरेल.