‘प्रतिकारशक्ती’ : एका संज्ञेची चिकित्सा

शास्त्रीय मराठीत ‘रोगप्रतिकारशक्ती’ ही संज्ञा इतकी रुळली आहे की तिची चिकित्सा करावी असे सहसा कोणास वाटत नाही. परंतु फळमाशीच्या, म्हणजे ड्रॉसोफिलाच्या, अभ्यासात ही संज्ञा अपुरी, किंबहुना दिशाभूल करणारी ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा तत्पुरुष समास असल्याने अर्थाचा भार ‘शक्ती’ या उत्तरपदावर पडतो. शक्ती वाढावी, खालावू नये, हीच आपली भाषिक अपेक्षा. ती अधिक होणे हाच दोष ठरेल, ही कल्पना या शब्दात मावत नाही.

फळमाशीचा पुरावा मात्र हेच सांगतो. तिच्या शरीरात प्रतिपिंडे नसतात. ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या पेशीभित्तिकेतील पेप्टिडोग्लायकन पीजीआरपी-एलसी हा ग्राही ओळखतो. त्यामुळे ‘आयएमडी’ हा संदेशमार्ग कार्यान्वित होऊन जिवाणुनाशक पेप्टाइडे निर्माण होतात. पण हाच मार्ग स्वतःस आवरणारी प्रथिनेही घडवितो. पीजीआरपी-एलबी हे विकर पेप्टिडोग्लायकनाचे तुकडे करून त्यास निष्प्रभ करते. दुसरे एक प्रथिन ग्राहीलाच पेशीच्या पृष्ठभागावरून हटविते. आतड्यात ‘कॉडल’ हा नियामक पेप्टाइडांच्या निर्मितीस लगाम घालतो. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हा लगाम सैल केला असता पेप्टाइडे अतिरिक्त झाली, सहवासी जिवाणूंचा तोल ढळून एक अपायकारक जिवाणू बळावला आणि आतड्यातील पेशी मरू लागल्या. प्रतिकाराच्या अतिरेकानेच रोगास वाट करून दिली!

इंग्रजी नामकरणही निर्दोष नव्हे. ‘आयएमडी’ या आद्याक्षरांचा अर्थ ‘प्रतिकारन्यूनता’. जनुक बिघडल्यावर जे उणे पडते, त्यावरून हे नाव पडले. ग्राहीस हटविणाऱ्या उपर्युक्त प्रथिनास मात्र 2008 मध्येच तीन संशोधकगटांनी ‘पिर्क’, ‘पिम्स’ व ‘रुद्र’ अशी वेगवेगळी नावे दिली. नाव देणाऱ्यांचा हेतू काहीही असो, ‘रुद्र’ हे नाव येथे शोभते. ऋग्वेदातील रुद्र कोपिष्ट आहे, तसाच वैद्यही आहे.

‘शक्ती’ हा शब्द व्यवहारातून हद्दपार करावा, असा आग्रह नाही. देहाच्या सामर्थ्याविषयी बोलताना तो योग्यच आहे. पण क्रियेचे वर्णन करताना ‘प्रतिकार-प्रतिसाद’ म्हणणे अधिक युक्त. प्रतिसादास मात्रा असते, वेळ असते आणि शेवटही असतो. मग विद्यार्थी ‘प्रतिकार किती?’ एवढेच विचारून थांबणार नाही, तो ‘कोठवर?’ हेही विचारील.