मितीवाराचा मेळ व त्याचें प्रामाण्य

जुन्या कागदाची मिती गणितास लावून पाहतां वार जुळला, कीं कागद अस्सल ठरला, असें विधान संशोधनपर लेखांत वारंवार आढळतें. रॉबर्ट सेवेल व शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा कालगणनेवरील ग्रंथ १८९६ सालीं निघाल्यापासून ही कसोटी कोणासही सुलभ झाली. मात्र तिचें बळ किती, हा विचार क्वचितच होतो.

वार सातच. बनावट कागद करणारानें डोळे मिटून वार घातला तरी सातांत एकदां तो जुळणारच. असे २१ कागद असले तर सुमारें तीन "अस्सल" निघतील! योगायोगाचा संशय फिटण्यास त्याचा संभव विसांत एकाहून कमी असावा, अशी सोयीची मर्यादा रोनाल्ड फिशर यांनीं १९२५ सालीं घातली. एकटा वार तेथवर पोंचत नाहीं.

नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत मराठी व हिंदी असे दोन्ही मुलूख होते. पहिल्यांत मास अमान्त, दुसऱ्यांत पूर्णिमान्त. सबब वद्य पक्षाच्या मितीचे दोन अर्थ संभवतात. त्यांत शक गत कीं वर्तमान हा विकल्प मिळविला म्हणजे वाटा चार होतात. या चारांचे वार बहुधा परस्परांहून निराळे येतात. म्हणजे सातांपैकीं चार वार आधींच संशोधकाच्या पदरांत! मग जी वाट जुळेल तीच लेखकाची रूढ पद्धति म्हणून छापावयाची. असला मेळ नाणेंफेकीहूनही स्वस्त होय. किती वाटा चाचपल्या व कोणत्या फसल्या, हें लेखांत नमूद झालेंच पाहिजे.

टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलींतील शिवजन्माची नोंद पहा : शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र. १९ फेब्रुवारी १६३० रोजीं शुक्रवार येतो. परंतु संवत्सराचें नांव शकावरूनच निघतें, व त्या तृतीयेस चंद्र हस्ताच्या आसपास असावयाचाच. स्वतंत्र खूण वाराची एकच. खरें बळ अन्यत्र आहे. परमानंदाच्या शिवभारतांतही हीच मिती आहे. एका वर्षाच्या सुमारें ३६० मित्यांतून दोघांनीं कल्पनेनेंच एक निवडणें दुर्घट. अर्थात् एकानें दुसऱ्यावरून उतरून घेतलें नसेल तरच हें गणित लागू.

पंचांग जवळ बाळगणाऱ्या कसबी बनावटकारास वार जुळविणें मुळींच कठीण नाहीं. तेथें योगायोगाचा प्रश्नच उरत नाहीं. कागद, शाई, शिक्का व अक्षराचें वळण हींच तपासावीं लागतात.